शंभराचा मोह

आत्या रुग्णवाहिकेत झोपली तेव्हा आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्याआधीच्या दोन्ही रात्री तिनं उशीला टेकून, बसूनच काढल्या होत्या. श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जायची. दोन शब्द बोलले की तिसऱ्यासाठी थांबावं लागायचं. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवताना तिच्या तोंडाला पिशवीचा मास्क बांधला होता, सिलिंडर पुरता उघडलेला होता आणि बोटावरच्या चिमट्यात ९९ दिसत होतं. माझा चुलतभाऊ दर पाच मिनिटांनी घरी फोन करून आकडा कळवत होता. "नव्व्याण्णव आहे. झोपलीय शांत."

आयसीयूच्या दारात तिला उतरवून घेणाऱ्या डॉक्टरांनी आधी तिचा खांदा हलवला, हाक मारली, मग नखाच्या मुळाशी पेन दाबलं. आत्या कण्हली, पण डोळे उघडले नाहीत. त्यांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढायला सांगितलं आणि हात लांब करून ऑक्सिजनची खुंटी खाली फिरवली. मॉनिटरवर ९९ चे ९५ झाले, मग ९१. मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, कमी कशाला करताय?" डॉक्टरांनी मान वर केली नाही. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, त्या झोपलेल्या नाहीत. त्यांना गुंगी आलीय. तुम्ही जरा बाहेर बसा."

दहा मिनिटांत रिपोर्ट आला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चाळिशीच्या आसपास असायला हवा, तो नव्वदीच्या पुढे गेला होता. तो साठत होता आणि तिकडे आम्ही घरी शुभवर्तमान कळवत होतो.

आत्या वाचली. पण खाली फिरणाऱ्या त्या खुंटीनं माझी एक समजूत मुळापासून हलवली. पुढे या लेखाच्या निमित्तानं मी त्याच आयसीयूत दोन दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, डॉक्टरांना आणि सिस्टरना प्रश्न विचारले, मिळेल ते वाचलं. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, एवढी साधी गोष्ट कळायला वैद्यकशास्त्रालाही किती ठेचा खाव्या लागल्या, ते त्यातून समजलं.

नावातली चूक

स्वीडनच्या शीलनं हा वायू आधी वेगळा केला होता, पण १७७४ साली जोसेफ प्रिस्टलीनं तो स्वतंत्रपणे शोधला आणि जगापुढे आणला. त्यानं उंदराला त्यात ठेवून पाहिलं, मग स्वतः हुंगून पाहिला. छातीत हलकं वाटल्याची नोंद केली आणि लगेच शंकाही काढली: या हवेत मेणबत्ती भराभर जळून संपते, तसं माणसाचं आयुष्यही संपत असेल तर? शोध लागला तेव्हाच त्याच्याबद्दलची सावधगिरीही लिहिली गेली होती. लाव्हॉझिएनं त्याला नाव दिलं ते 'आम्ल घडवणारा' अशा अर्थाचं, आणि ते चुकीचं निघालं, कारण सगळ्या आम्लांत ऑक्सिजन नसतो.

आपण त्याला 'प्राणवायू' म्हटलं. हे नाव चुकीचं नाही, पण गोत्यात आणणारं आहे. प्राण कुणाला जास्त झालेत, असं कोण म्हणेल? 'ऑक्सिजनवर ठेवलंय' हे आपल्याकडे आजाराच्या गांभीर्याचं माप झालं आहे, आणि 'ऑक्सिजन वाढवला' हे डॉक्टर काहीतरी करताहेत याचा पुरावा. कमी केला, तर हात आखडला असं वाटतं.

खरं तर १८७८ साली फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवून दिलं होतं की जास्त दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला विषासारखा झोंबतो आणि आकडी आणतो. १८९९ साली लॉरेन स्मिथ यांनी त्यानं फुप्फुसंही सुजतात हे प्राण्यांवर सिद्ध केलं. पहिल्या महायुद्धात विषारी वायूनं गुदमरलेले सैनिक समोर आल्यावर १९१७ साली जे. एस. हॉल्डेन यांनी ऑक्सिजन मोजून, सलग, मास्कमधून कसा द्यावा हे लिहिलं. 'मोजून' हा शब्द तेव्हापासून शास्त्रात आहे. तो खाटेपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली.

चुलीचा धूर

आत्यानं आयुष्यात विडी ओढली नाही. पण वयाच्या दहाव्या वर्षापासून ती चुलीपुढे बसली. काट्याकुट्या, तुराट्या, गोवऱ्या जे मिळेल ते जाळलं आणि फुंकणीनं फुंकत राहिली. तिला झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा विकार, हा सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार असा समज होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहून त्याला धक्का दिला. घरातला चुलीचा धूर त्यात अग्रभागी आहे.

अशा फुप्फुसांत वर्षानुवर्षं एक तडजोड चाललेली असते. जे कोपरे निकामी झाले, तिकडचा रक्तपुरवठा शरीर स्वतःच आवळून धरतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन आला की हा आवळ सुटतो. रक्त पुन्हा निकामी कोपऱ्यांत जातं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत नाही, रक्तातच सोडून देतं. श्वासाची ओढही थोडी मंदावते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणसाला गुंगी येते. चेहरा शांत दिसतो, बोटावर ९९ असतं.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात हे थेट रुग्णवाहिकेतच तपासलं गेलं. सीओपीडीचा झटका आल्याचा संशय असलेल्या ४०५ जणांपैकी काहींना नेहमीसारखा जोरात ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतकाच. २०१० साली निष्कर्ष छापले गेले. जोरात ऑक्सिजन दिलेल्यांत ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांत ४ टक्के. यासाठी ना नवं यंत्र लागलं ना महाग औषध, फक्त खुंटीवरचा हात बदलला होता.

भरलेली गाडी आणि स्टँडवरची गर्दी

आयसीयूतल्या डॉक्टरांना मी विचारलं, "पण १०० असेल तर वाईट काय?" त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि एक वक्र रेष काढली. ती आधी चढणीसारखी उभी चढत होती आणि मग पठारासारखी सपाट झाली.

माझ्या भाषेत सांगायचं तर हिमोग्लोबिन म्हणजे चार सीटची गाडी. सॅच्युरेशनचा आकडा किती सीट भरल्या एवढंच सांगतो. ९० च्या खाली ती रेष उभी उतरते. तिथे रक्तातला ऑक्सिजनचा दाब थोडा पडला तरी आकडा वेगानं घसरतो, म्हणून ८५ दिसलं की सगळे धावतात. वरच्या बाजूला मात्र सीट भरल्यावर गाडी फुल्ल. स्टँडवर दहा माणसं ताटकळलीत की पाचशे, हे फुल्लच्या पाटीवरून कळत नाही. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० असला तरी मॉनिटर शंभराच्या जवळपास असतो आणि ४०० असला तरी शंभरच दाखवतो. ९४ दिसत असेल तर रुग्ण कुठे आहे हे डॉक्टरला नेमकं ठाऊक असतं. १०० दिसत असेल तर ते कळत नाही.

ही जास्तीची गर्दी निरुपद्रवी नसते. हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही, म्हणून तो फुप्फुसातले फुगे उघडे ठेवतो. निव्वळ ऑक्सिजन दिला तर तो शोषला जातो आणि फुगे मिटतात. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. पेशींमध्ये गंज चढवणारे कण वाढतात. हृदयविकाराच्या झटक्यात ऑक्सिजन लावायचाच, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली आणि २०१७ साली उत्तर आलं: सॅच्युरेशन ९० किंवा त्याहून वर असेल, तर ऑक्सिजन दिला काय आणि न दिला काय, वर्षभरातल्या मृत्यूंत फरक नाही.

बोटावरच्या त्या चिमट्याचीही एक गोष्ट आहे. जपानचे ताकुओ आओयागी हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते कानातून प्रकाश सोडून मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे मोजमापात सारखा अडथळा यायचा. तो अडथळा काढून टाकण्याऐवजी त्यांनी त्यालाच कामाला लावलं आणि १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. १८ एप्रिल २०२० रोजी ते गेले, तेव्हा त्यांचं यंत्र जगभर घराघरांत शिरत होतं. पण तेही चुकतं. थंड पडलेले हात, खाली गेलेला रक्तदाब, नेलपॉलिश यांनी ते फसतं. २०२० च्या शेवटी अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. सावळ्या कातडीच्या देशानं हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. "म्हणूनच एबीजी, धमनीतल्या रक्ताची तपासणी," डॉक्टर म्हणाले. "चिमटा दिशा सांगतो. खात्री धमनीच करते."

दोन्ही बाजूंना दरी

जास्त ऑक्सिजनची सगळ्यांत मोठी किंमत नवजात बाळांनी मोजली आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळं जगवण्यासाठी बंद पेट्या आल्या. त्यांत मुबलक ऑक्सिजन सोडला जाई. बाळं गुलाबी दिसत, आणि काही महिन्यांनी लक्षात येई की त्यांना दिसत नाही. दृष्टिपटलावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढून डोळा निकामी झालेला असे. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी संशयाचं बोट ऑक्सिजनकडे दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या चाचणीनं ते खरं ठरवलं. तोवर जगभरातली सुमारे दहा हजार मुलं अंध झाली होती. १९५० साली वेळेआधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच.

मग लंबक उलटा गेला. ऑक्सिजन सक्तीनं कमी केला गेला. अंधत्व ओसरलं, पण बाळं दगावू लागली, काहींच्या मेंदूला इजा झाली. २०१० साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीत अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ८५ ते ८९ किंवा ९१ ते ९५ या दोन पट्ट्यांत ठेवून पाहिलं. खालच्या पट्ट्यात डोळ्यांचा गंभीर विकार निम्म्याहून कमी झाला, ८.६ टक्के विरुद्ध १७.९. पण मृत्यू १६.२ वरून १९.९ टक्क्यांवर गेले. वर आंधळेपण, खाली मरण. मधली वाट फक्त चार-पाच आकड्यांची.

मोठ्यांच्या आयसीयूचीही गोष्ट याच वळणानं गेली, फक्त फार उशिरा. इटलीतल्या मोडेना इथल्या एका आयसीयूत काही रुग्णांना ९४ ते ९८ मध्ये ठेवलं आणि काहींना नेहमीप्रमाणे ९७ ते १०० मध्ये. २०१२ च्या भूकंपामुळे रुग्ण जमवणं अवघड झालं, चाचणी ४८० जणांवर थांबवावी लागली. २०१६ साली आकडे आले: आयसीयूत मोजून दिलेल्यांत ११.६ टक्के मृत्यू, सढळ दिलेल्यांत २०.२. २०१८ साली 'लॅन्सेट'नं २५ चाचण्यांतल्या १६ हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला. सढळ हात महागात पडतो, असाच त्याचाही कौल होता.

मग काही डॉक्टरांना वाटलं, कमी चांगलं तर आणखी कमी आणखी चांगलं. फ्रान्समध्ये फुप्फुसं गंभीर सुजलेल्या रुग्णांना अगदी खालच्या पातळीवर ठेवून पाहिलं. २०५ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. कमी ऑक्सिजनच्या गटात पाच जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता आणि ९० दिवसांतले मृत्यू ४४.४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३०.४.

यानंतर मोठमोठ्या चाचण्या झाल्या. डेन्मार्कच्या पुढाकारानं २,९२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही गटांतले मृत्यू ४२.९ आणि ४२.४ टक्के, म्हणजे सारखेच. २०२५ साली ब्रिटनच्या ९७ आयसीयूंतल्या व्हेंटिलेटरवरच्या १६,५०० रुग्णांचे निष्कर्ष आले. ८८ ते ९२ मध्ये ठेवलेल्यांत ९० दिवसांत ३५.४ टक्के दगावले, नेहमीच्या पद्धतीनं ठेवलेल्यांत ३४.९. हाही फरक नसल्यात जमा.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीनं यात बातमी नाही. मला मात्र याच चाचणीतला दुसरा एक आकडा महत्त्वाचा वाटतो: खालच्या पट्ट्यातल्या रुग्णांना मिळालेला ऑक्सिजन २९ टक्के कमी होता. म्हणजे जवळपास एक तृतीयांश ऑक्सिजन वाचला आणि रुग्णांचं नुकसान झालं नाही. लंडनमध्ये ही टक्केवारी असेल. आपल्याकडे ती टाकी आहे.

टाकीचा तळ

काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा जंबो सिलिंडर ७,००० लिटर वायू धरतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटर दिला तर तो दोन दिवसांहून जास्त चालतो. पिशवीच्या मास्कवर पंधरा लिटरनं पावणेआठ तास. हाय फ्लो यंत्रावर साठ लिटरनं निव्वळ ऑक्सिजन दिला तर दोन तासही नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, हे गणित रोज, खाटेखाटेला मांडावं लागत होतं.

त्या दिवसांची उजळणी इथे करत नाही, आपण कुणीच ती विसरलेलो नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकी गळली, नळ्यांतला दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. मे महिन्यात गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान माणसं मरत होती, एका पहाटे २६. ट्रॉलीवरचे सिलिंडर बदलून जोडताना दाब खाली जातो, हे उच्च न्यायालयापुढे आलं. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली.

त्याच काळात काही ठिकाणी वेगळं घडलं. मुंबईत महापालिकेनं एका रात्रीत सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण ऑक्सिजन असलेल्या ठिकाणी हलवले. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्लांट उभा केला होता. दुसरी लाट आली तेव्हा तीन प्लांट मिळून मिनिटाला २,४०० लिटरची तयारी होती. पण नंदुरबारची मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट प्लांट नाही. तिथे 'ऑक्सिजन नर्स' नेमली गेली. वॉर्डात फिरायचं, कुणाला किती लागतो ते बघायचं, जास्त असेल तर कमी करायचं, जेवताना बाजूला ठेवलेला मास्क फुसफुसत असेल तर खुंटी बंद करायची, एवढंच तिचं काम.

केंद्र सरकारच्या कोविड उपचारपत्रिकेत उद्दिष्ट स्पष्ट होतं: सॅच्युरेशन ९२ ते ९६, सीओपीडी असेल तर ८८ ते ९२. शंभर कुठेच नव्हतं. शंभर आपल्या डोक्यात होतं. शाळेपासून शंभरपैकी शंभरचा ध्यास घेतलेली माणसं आपण, मॉनिटरकडेही गुणपत्रिकेसारखंच पाहतो.

खुंटीवरचा हात

आयसीयूतल्या स्टुलावर बसून मी जे पाहिलं त्यात नाट्य जवळपास नव्हतं. सकाळी सात वाजता ड्युटी बदलताना सिस्टर एकमेकींना रुग्ण सोपवतात. चार नंबरला टार्गेट काय, आत्ता किती टक्क्यांवर, रात्री किती कमी केला. आत्याला आणलं तेव्हा ज्यांनी मला 'बाहेर बसा' सांगितलं होतं त्या सिस्टर या वेळी मॉनिटर दाखवत होत्या. खालचा अलार्म सगळेच लावतात, त्यांनी वरचाही ९७ वर लावून घेतला होता. ऑक्सिजन चालू असताना आकडा ९७ झाला की टुणटुण वाजायचं. "आधी सगळे वैतागायचे," त्या म्हणाल्या. "आता वाजलं की आपोआप हात खुंटीकडे जातो."

मी विचारलं, सगळ्यांत जास्त विरोध कुणाचा होतो? त्या हसल्या. "तुमचा. नातेवाइकांचा. नव्वदच्या घरात आकडा बघितला की म्हणतात, थोडा वाढवा ना, पैसे भरतो. मी नाही म्हणाले तर वाटतं, सिस्टर कंजुषी करताहेत." क्षणभर थांबून म्हणाल्या, "नवीन डॉक्टरांचाही होतो. रात्री तीन वाजता शंभर दिसलं की त्यांनाही झोप लागते."

हे शेवटचं वाक्य मला फार खरं वाटलं. जास्तीचा ऑक्सिजन बहुतेक वेळा रुग्णाला दिलेलाच नसतो. तो डॉक्टरच्या भीतीला आणि आमच्या काळजीला दिलेला असतो. त्याचा भार मात्र रुग्णाच्या फुप्फुसांवर पडतो.

याचा अर्थ ऑक्सिजनला हात आखडता घ्यावा असा नाही. गुदमरून आलेल्या, शुद्ध हरपलेल्या, रक्तस्राव होणाऱ्या माणसाला पहिल्या मिनिटांत भरपूर ऑक्सिजन द्यायलाच हवा, तिथे मोजत बसायचं नसतं. घरी ८८ दिसत असेल तर हा लेख वाचून थांबू नका, दवाखाना गाठा. प्रश्न त्यानंतरचा आहे. माणूस स्थिरावल्यावर खुंटी खाली आणायची आठवण कुणाला राहते? ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेनुसार ऑक्सिजन लिहून देताना उद्दिष्टाचा पट्टाही लिहायचा असतो: बहुतेकांना ९४ ते ९८, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल त्यांना ८८ ते ९२. आपल्याकडे केसपेपरवर अजूनही कित्येकदा नुसतं 'ऑक्सिजन द्या' असतं. 'गोळी द्या' एवढंच लिहिलेली चिठ्ठी कुठला केमिस्ट घेईल?

आत्या नवव्या दिवशी घरी आली. श्वासाला दाबानं आधार देणाऱ्या बायपॅप यंत्राचा, तोंडाला घट्ट बसणारा मास्क चार दिवस सोसल्याच्या खुणा नाकावर होत्या. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्या कार्डावर लाल शाईनं एक ओळ लिहिली आणि खाली दोनदा रेघ ओढली: 'ऑक्सिजन मोजून, सॅच्युरेशन ८८ ते ९२.' पुढच्या वेळी रुग्णवाहिकेत कुणी असो, हे दाखवा, म्हणाले. आत्यानं ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं आहे.

तुमच्याही घरात जुना दमा असलेलं, आयुष्यभर चूल फुंकलेलं किंवा विडी ओढलेलं माणूस असेल. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा की यांचं टार्गेट किती, आणि जे उत्तर मिळेल ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.